संधिवात असताना जुनी स्पोर्ट्स कार (यूके): कोणती घ्यावी आणि काय तपासावं?

थेम्सकाठ

नमस्कार मंडळी,

वय ५४, मुक्काम रेडिंग. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहे. उरलेला त्रास असा: दोन्ही हातांची बोटं आणि उजवं मनगट सकाळी तासभर आखडलेलं असतं. अंगठ्याने जोर लावून काही दाबता येत नाही. डाव्या गुडघ्यावर ताण आला की तो दुसऱ्या दिवशी सुजतो. मान, खांदे आणि उजवा पाय ठीक.

२००३ ते २००९ मधली, छत उघडणारी, दोन सीटची गाडी घ्यायची आहे. रोजची हॅचबॅक वेगळी आहे, ही फक्त सुट्टीच्या दिवसांसाठी. हातात एकूण ७,००० पौंड. यादीत माझदा एमएक्स-५ (एनसी), बीएमडब्ल्यू झेड४ (ई८५), पोर्शे बॉक्सस्टर ९८६ आणि मर्सिडीज एसएलके (आर१७१) आहेत (एनसी, ई८५, ९८६, आर१७१ हे त्या त्या गाडीच्या पिढीचे कोड). होंडा एस२००० मनापासून आवडते.

या सांध्यांना यातली कोणती झेपेल? ऑटोमॅटिक घेतली तर मजा जाते असं सगळे म्हणतात, मग मॅन्युअलचा हट्ट धरू का? आणि मला गाडीखाली वाकून बघता येत नाही, तर तपासणी कशी करायची?

---

पाना_पक्कड

आधी एस२००० बाजूला काढा. ती कधीच ऑटोमॅटिकमध्ये आली नाही, फक्त सहा गिअरची मॅन्युअल. इंजिनची खरी ताकद ६,००० आरपीएमच्या वर, त्यामुळे गिअर सतत बदलावे लागतात. तुमचा डावा गुडघा आणि उजवं मनगट दोन्ही त्यात भरडले जातील. (यूकेत गिअर डाव्या हाताने बदलायचा, हे खरं. पण मग स्टिअरिंगचा सगळा भार उजव्या मनगटावर येतो.) निसान ३५०झेड कुणी सुचवली तर तीही नको, तिचा क्लच नवा असतानाच जड असतो.

क्लचबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं बाहेर सरकतात, त्यांचा कोन बदलतो आणि पेडल जड होत जातं. बदल इतका हळू होतो की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. ८० हजार मैलांवर मूळ क्लच असलेली बॉक्सस्टर चालवून 'बॉक्सस्टरचा क्लच जड असतो' असं ठरवू नका, आणि नुकता क्लच बदललेली चालवून 'हलका असतो' असंही समजू नका. तुमच्या यादीत एमएक्स-५ चा क्लच सगळ्यात हलका आणि गिअरचा दांडा सगळ्यात आखूड. तरी तिचा सहा गिअरचा बॉक्स थंड असताना दुसऱ्या गिअरला अडतो, पहिली पाच-दहा मिनिटं जोर लावावा लागतो. तुमची बोटं आखडलेली असतात तीच वेळ.

म्हणून मी सरळ सांगतो, ऑटोमॅटिकच घ्या. पण टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पोहोचवणारी. झेड४ मध्ये एसएमजी नावाचा पर्याय होता आणि टोयोटा एमआर२ मध्ये एसएमटी. क्लच पेडल नाही म्हणून दोन्ही तुमच्यासाठी योग्य वाटतील. प्रत्यक्षात तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, त्याला हायड्रॉलिक पंपाने क्लच दाबून दिलेला. पंप, अॅक्युम्युलेटर, सेन्सर यातलं काहीही गेलं तर दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या मानाने भारी पडते, आणि पार्किंगमध्ये मुंगीच्या पावलाने पुढेमागे करताना ती हिसके देते.

आता छत. ही गोष्ट जाहिरातीत दिसत नाही आणि तुमच्या अंगठ्याला रोज दिसेल. बॉक्सस्टर ९८६ चं छत विजेवर चालतं, पण काचेच्या वरच्या चौकटीतली मधली कडी आधी हाताने ओढून सोडवावी लागते आणि बंद करताना हाताने ओढून लावावी लागते. एमएक्स-५ एनसीचं घडीचं पत्र्याचं छतही तसंच, मधली कडी हातानेच. तिचं कापडी छत तर पूर्ण हाताने, आणि ते मागे ढकलून खटकन बसेपर्यंत तळव्याने दाबावं लागतं. झेड४ चं विजेचं छत आणि आर१७१ एसएलकेचं पत्र्याचं छत मात्र कडीसकट आपोआप होतात, फक्त बटण धरून ठेवायचं. झेड४ मध्ये साधारण १० सेकंद, एसएलकेमध्ये २० च्या थोडं वर. सावध एवढंच राहा की झेड४ च्या खालच्या इंजिनांच्या काही गाड्यांत छत हातानेच उघडायचं असतं. जाहिरातीत 'विजेचं छत' लिहिलेलं नसेल तर आधी फोन करा, मग जा.

तिसरी चाळणी स्टिअरिंगची. ९८६ मध्ये चाक फक्त पुढेमागे सरकतं, वरखाली होत नाही. एमएक्स-५ एनसीमध्ये उलट, वरखाली होतं, पुढेमागे नाही. झेड४ आणि आर१७१ मध्ये दोन्ही. गुडघा वाकवायला त्रास असणाऱ्याला चाक वर घेऊन मांडी बाहेर काढता येणं हा मोठा फरक आहे.

बॉक्सस्टरचा विषय निघालाच आहे तर आयएमएस बेअरिंग टाळता येणार नाही. इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं हे बेअरिंग. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं होतं, साधारण २००० पासून एकेरी रांगेचं आलं आणि तेच जास्त फुटतं. फुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, जातं आणि इंजिन संपतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मॅन्युअल गाड्यांत लोक क्लचच्या कामासोबत ते बदलून घेतात. टिपट्रॉनिक ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं काम कधी निघतच नाही, त्यामुळे बऱ्याच टिपट्रॉनिक गाड्यांचं बेअरिंग मूळचंच असतं. तुम्हाला नेमकी तीच हवी असणार. बेअरिंग बदलल्याचं बिल नसेल तर त्या कामाचे पैसे किमतीतून वजा करून बोला, किंवा सोडा.

माझं मत: पहिली पसंती झेड४ २.५एसआय किंवा ३.०एसआय, २००६ नंतरची, सहा गिअरची ऑटोमॅटिक. दुसरी एसएलके. ऑटोमॅटिक एमएक्स-५ एनसी चांगली मिळाली तर तीही चालेल, पण यूकेत त्या फार थोड्या आहेत.

---

वैदेही_ओटी

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने लिहिते. चालवण्यापेक्षा बसणं आणि उठणं हा तुमच्यासाठी मोठा प्रश्न आहे. चालवताना सांधे ठरावीक कक्षेत हलतात. उठताना मात्र गुडघा खोल वाकलेला असतो, त्यावर सगळं वजन येतं आणि वर हाताने रेटावंही लागतं.

जाण्याआधी घरी एक माप घ्या. हात न टेकता तुम्ही कितपत खालच्या बैठकीवरून उठू शकता? उशा आणि स्टूल वापरून उंची कमी करत जा आणि जिथे हात टेकावासा वाटतो ती उंची टेपने मोजून लिहून ठेवा. मग गाडी बघताना जमिनीपासून सीटच्या गादीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा. या सगळ्या गाड्यांत ती तुमच्या आकड्यापेक्षा कमीच असेल, प्रश्न किती कमी हा आहे. सोबत आणखी दोन मापं घ्या: दाराच्या उंबरठ्याच्या बाहेरच्या कडेपासून गादीपर्यंतचं आडवं अंतर आणि गादीच्या कडेच्या फुगवट्याची उंची. रुंद उंबरठा आणि उंच फुगवटा एकत्र आले की पाय जमिनीवर टेकायच्या आत कंबर अडकते. सीटला विजेचं किंवा हाताचं उंचीचं समायोजन असेल तर उठण्याआधी सीट पूर्ण वर आणि मागे घ्यायची सवय लावा.

बसायची पद्धत, उजव्या बाजूच्या ड्रायव्हर सीटसाठी: गाडीकडे पाठ करून उभं राहा, पोटऱ्या उंबरठ्याला लागेपर्यंत मागे या. डावा तळवा काचेच्या खांबावर, उजवा सीटच्या पाठीवर. दार धरायचं नाही, ते हलतं आणि बोटांवर झटका येतो. बोटांनी पकडण्यापेक्षा तळवा किंवा कोपरापर्यंतचा हात टेकवा. आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळवा. गुडघा एकेक करून आत घेतला की सांध्याला पीळ बसतो, तोच दुसऱ्या दिवशी सुजतो. वळणं सोपं व्हावं म्हणून गादीवर साटीनचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी टाका, पण चालवण्याआधी ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागताना तुम्ही बेल्टखाली सरकाल. फिरत्या गोल गाद्या मिळतात, त्या बकेट सीटमध्ये नीट बसत नाहीत आणि बसण्याची उंची बदलल्यामुळे बेल्टही चुकीच्या जागी येतो. त्या घेऊ नका.

छत उघडं असताना बसणं फार सोपं जातं, डोकं वाकवावं लागत नाही. म्हणून आधी छत, मग बसणं.

दारं लांब आहेत हेही ध्यानात ठेवा. यूकेतली पार्किंगची नेहमीची जागा २.४ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना गाड्या असल्या की लांब दार अर्धंच उघडतं आणि वर सांगितलेली पद्धत करायला जागाच उरत नाही. घराजवळ आणि नेहमीच्या ठिकाणी कडेची जागा मिळते का, हे गाडी घेण्याआधी बघा.

दाराच्या चौकटीतल्या यू आकाराच्या कडीत अडकवायचा हाताचा दांडा मिळतो. उठताना तो उपयोगी पडतो, पण त्यावर भार मनगटातून जातो. तुमचं उजवं मनगट दुखतं आणि उजव्या दाराशी उजवाच हात येणार, तेव्हा आधी कुणाचा तरी मागून आणून वापरून बघा.

टेस्ट ड्राइव्ह दोनदा घ्या. एक सकाळी, बोटं आखडलेली असतानाच. दुसरी संध्याकाळी, किमान ४० मिनिटं, त्यातली निम्मी गर्दीच्या रस्त्यावर. आणि होकार देण्याआधी एक रात्र जाऊ द्या. तुमचा गुडघा दुसऱ्या दिवशी बोलतो, त्याचं ऐकून मगच पैसे भरा. टेस्ट ड्राइव्हमध्ये रिकाम्या जागी एकदा पूर्ण जोराने ब्रेक दाबून बघा. उजवा पाय आज ठीक आहे, पण घोटा आणि पाऊल यांना हा आजार पुढे धरू शकतो, म्हणून अंदाज हवा.

कायद्याचं थोडक्यात: आर्थ्रायटिसचा गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल किंवा गाडीत खास कंट्रोल बसवले असतील तर डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला) कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड. कळवलं म्हणजे लायसन्स जातं असं नाही. काहींना फक्त ऑटोमॅटिक चालवण्याची अट लागते, लायसन्सवर ७८ हा कोड येतो. शंका असेल तर ड्रायव्हिंग मोबिलिटीच्या केंद्रात मूल्यमापन करून घ्या. ते पाय, हात, प्रतिक्रिया सगळं मोजून सांगतात. कोडीन किंवा इतर ओपिऑइड गोळ्या घेत असाल तर प्रिस्क्रिप्शनची चिठ्ठी गाडीत ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून काही औषधांची रक्तातली मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलं असेल आणि चालवण्यावर परिणाम नसेल तर बचाव मिळतो. गुंगी वाटत असेल त्या दिवशी मात्र चावी हातात घेऊ नका.

---

थेम्सकाठ

वैदेहीताई, पाना_पक्कड, दोघांचे आभार. बसण्याची पद्धत आजच हॅचबॅकमध्ये करून पाहिली, फरक कळतो आहे.

आता दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत. झेड४ २.५एसआय ऑटोमॅटिक, २००६, ७४ हजार मैल, खाजगी विक्री. आणि एसएलके २०० कॉम्प्रेसर ऑटोमॅटिक, २००७, ६१ हजार मैल, डीलरकडे. दोन्ही साडेपाच हजारांच्या आसपास. नेमकं काय बघू?

---

पाना_पक्कड

घरबसल्या जे होतं ते आधी करा. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटीचा (दरवर्षीच्या सक्तीच्या वाहन तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो. पास-नापास सोडा, सूचना वाचा. दर वर्षीचे मैल चढत्या क्रमाने आहेत का, मध्येच दोन वर्षं गाडी उभी होती का, 'गंज' हा शब्द कितव्या वर्षी आला आणि पुढच्या वर्षी तो गायब झाला की वाढला. गायब झाला असेल तर वेल्डिंग झालं की नुसता काळा रंग मारला, हे विचारायचं. मग कर्ज-चोरी-अपघाताची पैसे देऊन तपासणी. व्ही५सी या नोंदणी पुस्तकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे समोर उभं राहून.

नोंदणीची नेमकी तारीखही बघा. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या, २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाडीला रोड टॅक्स 'के' पट्ट्याचा लागतो. त्या तारखेपासून नोंदलेल्या तशाच गाडीला 'एल' किंवा 'एम' चा. वर्षाला जवळपास ३०० पौंडांचा फरक. झेड४ २००६ चीच आहे, तेव्हा महिना आणि पुस्तकातला कार्बनचा आकडा दोन्ही विचारा. पिपमध्ये (अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्यात) मोबिलिटीचा वरचा दर मिळत असेल तर एका गाडीचा टॅक्स माफ होतो, ते वेगळं.

झेड४ बद्दल. छताच्या मोटरपासून सुरुवात करा. तिचा हायड्रॉलिक पंप छताच्या कप्प्याच्या तळाशी, पाणी वाहून जाण्याच्या नळीजवळ बसवलेला आहे. नळी पानांनी आणि मातीने तुंबली की पाणी साचतं आणि मोटर बुडून जाते. या मॉडेलचा हा सर्वांना माहीत असलेला दोष. गाडी झाडाखाली उभी राहत होती का, हे विचाराच. छत सलग तीन वेळा उघडबंद करायला लावा. वेग मंदावतो का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, मध्येच थांबतं का. मोटर गेली तर छत हाताने ओढून बंद करावं लागतं आणि ते काम निरोगी माणसालाही जड जातं. तुम्हाला रस्त्याच्या कडेला, पावसात, ते जमणार नाही. मोटर आधीच बदलून डिकीत हलवलेली असेल आणि बिल असेल तर अशा गाडीला शंभर-दोनशे पौंड जास्त द्यायला हरकत नाही. नाहीतर घेतल्यावर लगेच नळ्या साफ करून घ्या आणि दर शरद ऋतूत पुन्हा.

दुसरं, स्टिअरिंग. साध्या झेड४ ला विजेचं पॉवर स्टिअरिंग आहे. गाडी तापल्यावर, विशेषतः मोटारवेवर अर्धा तास गेल्यावर, चाक मध्यावर किंचित चिकटतं. सरळ जाताना बारीक दुरुस्ती करायला गेलं की आधी हलत नाही आणि मग एकदम सुटतं. साध्या चालकाला ते नुसतं खटकतं, तुमच्या मनगटाला मात्र शंभर मैलांत शेकडो वेळा तो झटका बसेल. तपासायचं असेल तर उन्हाच्या दिवशी, इंजिन पूर्ण तापल्यावर, ६०-७० मैलांच्या वेगाने, बोटांच्या टोकांनी चाक धरून. थंड गाडीची पाच मिनिटांची चक्कर यात काहीच सांगत नाही. दोष असेल तर इलाज स्टिअरिंग कॉलमचाच आहे आणि तो स्वस्त नाही.

इंजिन एन५२. चांगलं आहे. त्याचा पाण्याचा पंप विजेचा आहे आणि तो सूचना न देता जातो. ७४ हजार मैलांवर मूळचा असेल तर थर्मोस्टॅटसकट बदलायचा खर्च धरून चाला. व्हॉल्व्ह कव्हर आणि तेलाच्या फिल्टरच्या घराचं गॅस्केट गळतं, चालवून आल्यावर बॉनेट उघडून जळक्या तेलाचा वास येतो का ते बघा. थंड इंजिन सुरू करताना टकटक होते का, हे ऐकायचं, म्हणून विक्रेत्याला आधीच बजावून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर का, ते विचारा.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर चालतं' असं पुस्तकात म्हटलेलं असतं. साठ-सत्तर हजार मैलांच्या आसपास तेल आणि फिल्टर बदललेला बरा. ब्रेकवर पाय ठेवून डी वरून आर वर टाका, धक्का किंवा एका सेकंदाहून जास्त उशीर नको.

एसएलके २०० बद्दल. एम२७१ इंजिन, सुपरचार्जरवालं. टायमिंग चेन ताणते आणि कॅमशाफ्टचे अॅडजस्टर झिजतात. थंड असताना सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली की समजून जा. कॅमशाफ्टच्या मॅग्नेटमधून तेल झिरपतं आणि वायरच्या आतून चढत कॉम्प्युटरपर्यंत जातं. मॅग्नेटचा प्लग काढून आत तेल आहे का, हे मेकॅनिक दोन मिनिटांत बघतो. कुणी एसएलके ३५० दाखवली तर सुरुवातीच्या एम२७२ इंजिनाच्या बॅलन्स शाफ्टचा दात झिजतो, त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून इंजिन नंबर तपासल्याशिवाय नको.

छत उघडण्याआधी डिकीतला पडदा जागेवर ओढलेला हवा, नाहीतर ते हलतच नाही. विक्रेते कधीकधी 'पडदा नीट नसेल' म्हणून बिघडलेलं छत झाकून नेतात. चालायलाच हवं. डिकीच्या कडेला आणि छताच्या अस्तरावर तेलाचे डाग दिसले तर हायड्रॉलिक सिलिंडर गळतोय.

अंगठ्यासाठी एसएलकेची एक जमेची बाजू: मर्सिडीजच्या ऑटो गिअरचा दांडा नागमोडी खाचेतून फिरतो, बटण दाबावं लागत नाही. झेड४ च्या दांड्याला बटण आहे. मानेवर गरम हवा सोडणारी एअरस्कार्फची सोय काही एसएलकेंत आहे, थंडीत छत उघडं ठेवायचं असेल तर ती असलेली शोधा.

खाली वाकून बघण्याचं काम तुम्ही करूच नका. विक्रेत्याच्या जवळचं त्या ब्रँडचं स्वतंत्र गॅरेज शोधा, लिफ्टवर घेऊन तासाभराची तपासणी करायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथून निघा. आणि सातपैकी दीड-दोन हजार पौंड बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात ते लागतीलच. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते. खाजगी विक्रीत तसं संरक्षण नाही.

---

रबरी_रस्ता

टायरबद्दल कुणी बोललं नाही. झेड४ मूळची रनफ्लॅट टायरवर आली. त्यांच्या भिंती कडक असतात, कारण हवा गेल्यावर गाडीचं वजन त्यांनाच पेलायचं असतं. यूकेतल्या खड्ड्यांचा प्रत्येक हादरा सीट आणि चाकातून थेट मनगटात येतो. चारही टायर साधे करून घ्या, एकाच मेकचे. १८ इंची चाकं असतील तर १७ इंचीचा सेट शोधा, २२५/४५ आर१७ हे मूळचंच माप आहे. भिंत उंच होते आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. विमा कंपनीला कळवून ठेवा.

स्टेपनी नसते, म्हणून पंक्चरचा फोम आणि छोटा कॉम्प्रेसर. तरी ब्रेकडाउन कव्हर घ्याच. जर्मन गाड्यांत चाक नटांवर नाही, बोल्टांवर लागतं. म्हणजे चाक हाताने उचलून भोकं जुळवत धरायचं आणि मग बोल्ट घालायचा. तुमच्या हातांनी तो प्रयत्न नको.

स्टिअरिंग जड वाटलं तर आधी पुढच्या टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. चार-पाच पीएसआय कमी असलं तरी पार्किंगमध्ये चाक जड लागतं.

---

मडगाव_मँचेस्टर

थोडं अवांतर: दोन-तीन वर्षांनी गोव्याला परतायचा विचार आहे. अशी गाडी घेतली तर सोबत नेता येईल का? स्टिअरिंग तर उजवीकडेच आहे.

---

पाना_पक्कड

नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. २००६ ची गाडी त्यात बसत नाही. इथेच वापरा आणि इथेच विका.

थेम्सकाठ, लंडनकडे जाणं होत असेल तर यूलेझसाठी (तिथलं प्रदूषण-शुल्काचं क्षेत्र) नंबर टाकून बघा. पेट्रोल युरो ४ चालतं, २००६ च्या गाड्या सहसा बसतात. नाही बसली तर दिवसाला साडेबारा पौंड.

---

वैदेही_ओटी

हातांसाठी छोट्या गोष्टी राहिल्या होत्या.

बारीक कड्याचं स्टिअरिंग घट्ट मुठीत धरावं लागतं, जाड कडं सैल हाताने धरता येतं. चाकाला चामड्याचं शिवून बसवायचं कव्हर घ्या, आत दोन मिलिमीटरचा फोम. ओढून चढवायची रबरी कव्हरं नकोत, ती सरकतात. चाकावर फिरवायची मूठ हवी असेल तर ती मान्यताप्राप्त फिटरकडूनच, आणि डीव्हीएलए व विमा कंपनी दोघांना कळवून.

चावी फिरवायला त्रास होत असेल तर चावीला लावायचा रुंद दांडा मिळतो, अंगठा-बोटांची चिमूट न करता तळव्याने फिरवता येते. सीट बेल्ट दोन सीटच्या गाडीत खांद्याच्या बराच मागे असतो. तो डाव्या हाताने, अंगासमोरून नेऊन ओढा, उजवा हात मागे पिळू नका. पेट्रोलच्या टाकीचं झाकण, बॉनेटची कडी, डिकीचं बटण हे सगळं विक्रेत्यासमोर स्वतःच्या हाताने उघडून बघा. हँडब्रेकही: बटण दाबून वर ओढायचा आणि सोडायचा, तीन-चार वेळा. नवीन पिढीच्या झेड४ ला, म्हणजे २००९ नंतरच्या ई८९ ला, विजेचा हँडब्रेक आहे. बजेट पुढेमागे वाढलं तर ती बघायला हरकत नाही.

सीट तापवायची सोय असलेली गाडी मिळाली तर तिला झुकतं माप द्या. निघण्याआधी दहा मिनिटं सीट चालू ठेवली की कंबर आणि नितंबाचे सांधे सैल होतात. आणि सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. थांबा, उतरा, पाच मिनिटं चाला, मग पुढे.

---

थेम्सकाठ

झेड४ वाल्याशी बोललो. नोंदणी १७ मार्च २००६, छताची मोटर बदललेली नाही, स्टिअरिंग कॉलम बदलल्याचं बिल आहे, टायर रनफ्लॅट. लिफ्टवर तपासणीला तयार आहे. शनिवारी सकाळी साडेआठला पहिली फेरी आणि रविवारी दुपारी दुसरी ठरवली आहे. टेप आणि साटीनचा तुकडा सोबत नेतो.

---

पाना_पक्कड

कॉलमच्या बिलावर तारीख, मैल आणि गाडीचा नंबर तिन्ही आहेत का, ते बघा. तरीही रविवारी गाडी पूर्ण तापल्यावर मोटारवेवर स्वतः खात्री करा. मोटर मूळचीच असेल तर गॅरेजला तपासणीतच छताच्या नळीत लिटरभर पाणी ओतायला सांगा. खालून लगेच वाहत आलं नाही तर नळी तुंबलेली आहे. मग नळी साफ करणं आणि मोटर डिकीत हलवणं या दोन्हीचा लेखी दर त्याच गॅरेजकडून घ्या आणि तो कागद समोर ठेवून किमतीचं बोला.